खालची हजेरी

१

नोफ्रियो झार्कोने हा माणूस सत्तेचाळीस वर्षे विहिरींत उतरत होता, आणि सत्तेचाळीस वर्षे त्याचा दोर एकाच माणसाने धरला होता. त्या माणसाचे नाव मोम्मो.

पालेर्मो शहराच्या पोटात पाणी आहे. ते डोंगरातून निघते, दगडात कोरलेल्या अरुंद बोगद्यांतून शहराखालून चालत जाते आणि समुद्राला मिळते. बोगद्यात उतरायला जागोजाग विहिरी आहेत. गाळ काढायचा, ढासळलेला दगड उचलायचा, पाणी अडले तर त्याला वाट करून द्यायची, हे नोफ्रियोचे काम. बापाचे तेच, आज्याचे तेच. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. लिहिण्यापैकी त्याला फक्त स्वतःचे नाव येत होते, आणि तेवढे पुरे आहे असे त्याचे मत होते.

मोम्मो त्याचा कुंपार, म्हणजे बाप्तिस्म्याने जोडलेला सोयरा. मोम्मोच्या मुलाला, सावेरियोला, बाप्तिस्म्याच्या वेळी नोफ्रियोने हातांवर धरले होते. त्या दिवसापर्यंत दोघे एकमेकांना अरे-तुरे करत. त्या दिवसापासून अहो-जाहो. सिसिलीत सख्खा भाऊ भावावर सुरी काढतो आणि पुढच्या ईस्टरला त्याच्याच घरी जेवतो. कुंपाराने कुंपाराला दगा दिला, असे मात्र कोणी ऐकले नव्हते.

उतरण्याची रीत ठरलेली होती. खालच्याने कमरेला दोर बांधून भिंतीतल्या खोबणींत पाय देत उतरायचे. तळाला दोर सोडून ठेवायचा, कारण बोगद्यात तो अडकतो. मग वरच्याने जपमाळेचे दहा मणी ओढायचे आणि विहिरीत तोंड घालून हाक द्यायची, "आदिरी?" खालच्याने उत्तर द्यायचे, "आदिरी." पुन्हा दहा मणी, पुन्हा हाक. मध्ये नाव घ्यायचे नाही. खालचा वर आला, त्याचे पाय जमिनीला लागले, की वरच्याने शेवटचे एकदा वाकून विहिरीला पूर्ण नाव सांगायचे: "ओनोफ्रियो झार्कोने, गाइबू." तीनदा. त्यानंतरच झाकण.

शब्दांचा अर्थ कोणी विचारला नव्हता. एकदा बंदरावर स्पंज विकायला आलेल्या ट्यूनिसच्या माणसाने ते ऐकले आणि तो हसायला लागला.

"मिस्त्री, हे तर आमचे शब्द. पार मोडून ठेवलेत की तुम्ही! पहिला म्हणजे हजर. दुसरा म्हणजे गायब, इथं नाही तो."

"तुझ्या बापाचे शब्द माझ्या बापाच्या तोंडी कसे येतील रे?" नोफ्रियोला राग आला.

"ते तुमच्या बापाला विचारा. पण मला एक सांगा. खालचा माणूस वरच्याला हजर म्हणतो, ते कळलं. माणूस वर आला की गायब म्हणून कुणाला सांगता? तेव्हा तर विहिरीत कुणीच नसतं."

नोफ्रियोने त्याच्याकडून स्पंज घेतला नाही.

२

जूनमध्ये सिरोक्को सुटला. आफ्रिकेकडून येणारा हा वारा तीन दिवस राहतो, कधी सहा. तांबडी धूळ दातांत बसते, कुत्री भिंतीच्या सावलीला आडवी होतात, माणसे उगाच भांडतात. त्याच आठवड्यात ठेकेदाराने नोफ्रियोला बॅरोनेसच्या बागेत बोलावले.

बॅरोनेस मेली होती. लिंबाची झाडे अजून उभी होती. त्या जागी आठ मजली इमारत व्हायची होती, पण नगरपालिकेला एक कागद हवा होता: या जमिनीखाली वाहते पाणी नाही. कागदावर पाण्याच्या मिस्त्रीची सही लागत होती; तो शहरात नसेल तर त्याचा दोर धरणाऱ्याची चालत होती.

"बघून सांगतो," नोफ्रियो म्हणाला.

"बघायचं काय त्यात? सुकलंय सगळं," ठेकेदार म्हणाला.

"मग बघितल्यावरही सुकलेलंच असेल."

ठेकेदार मोम्मोकडे बघून हसला आणि मोटारीत बसून निघून गेला. ते बघणे नोफ्रियोला आवडले नाही.

मोम्मोने दुपारची शिदोरी सोडली. पाव, ऑलिव्ह आणि हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या.

"कुंपार," तो म्हणाला, "एक सही. तुम्हाला तेवढीच येते, तीच मागतायत."

"तेवढीच येते म्हणून जपून वापरतो."

"चौथ्या मजल्यावर जागा देणार आहेत सावेरियोला. दोन खिडक्या. आत्ता काय आहे पोराकडे? रस्त्यावरची एक खोली, दार लावलं की अंधार. त्याची धाकटी पोर रात्रभर खोकते. तुमचीच नात लागते ती."

"पाणी असेल तर पायात पाणी घेऊन उभी राहील ती इमारत. सावेरियो चौथ्यावर असेल, मोम्मो, पण इमारत पहिल्यापासून पडते."

"तुम्ही भारीच तत्त्वाचे."

"तुम्ही वड्या खा. गार होतायत."

तो उतरला. पाणी होते. घोट्याच्या वर, थंड, सरळ चालीचे. मोम्मोची हाक आली.

"आदिरी?"

"आदिरी," नोफ्रियोने उत्तर दिले.

आणि त्याच्या पाठीमागे, बोगद्याच्या आतून, कोणीतरी म्हणाले, "हादिर."

पडसाद, त्याने स्वतःला सांगितले. चुनखडीच्या दगडात आवाज फिरतो. तो पुढे गाळ उपसू लागला. चार फावडी झाल्यावर तो थांबला. पडसादाने सुरुवातीचा 'ह' कुठून आणला? घशातून काढलेला, नीट. तो स्वतः तसा म्हणत नव्हता, बापही म्हणत नव्हता. तसा फक्त तो ट्यूनिसचा माणूस म्हणाला होता. पडसाद मोडका शब्द मोडकाच परत देतो. दुरुस्त करून देत नाही.

तो मुद्दाम खोकला. काही परत आले नाही. "ओय!" म्हणाला. दगड गप्प.

वर आल्यावर त्याने विचारले, "मोम्मो, किती उत्तरं आली?"

मोम्मो माळ खिशात ठेवत होता. हात खिशातच राहिला.

"एक," तो म्हणाला. "किती यायची असतात?"

मग वाकून त्याने नाव घेतले, तीनदा गाइबू म्हटले, आणि झाकण घातले. रोजच्यापेक्षा जरा घाईने.

३

रात्री नोफ्रियोला झोप लागली नाही. वाऱ्यामुळे कोणालाच लागली नव्हती. तो विचार करून पाहत होता. आवाज ऐकू आला तर दोनच गोष्टी असू शकतात. कोणीतरी बोलले, किंवा आपले कान म्हातारे झाले. चौसष्टाव्या वर्षी कान म्हातारे होतात, यात लाज नाही. पण म्हातारा कान शब्द खातो. नवे घालत नाही.

सकाळी ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला. नोफ्रियोने हात मागे बांधले.

"पाणी आहे."

"किती?"

"शहर प्यायलं एवढी वर्षं, तेवढं."

"मिस्त्री, तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा मिस्त्री शोधावा लागेल."

"शोधा. मी एकटाच उरलोय."

माणसाने मोम्मोकडे पाहिले. मोम्मो दोराची गाठ सोडून पुन्हा बांधत होता. गाठ ठीक होती.

"कुंपार," थोड्या वेळाने मोम्मो म्हणाला, "एक करू. खाली ती बसायची खोली आहे ना, तिथवर जाऊन बघा. तिथून पुढं पाणी जात नसेल तर सही करा. जात असेल तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. सावेरियोला मीच समजावेन."

हे न्यायाचे होते. नोफ्रियोने कार्बाइडचा दिवा पेटवला, कमरेला दोर बांधला आणि कठड्यावर बसून पाय आत सोडले.

"सांभाळून जा रे," मोम्मो म्हणाला.

नोफ्रियोने वर पाहिले. एकतीस वर्षांत मोम्मोच्या तोंडून त्याच्यासाठी 'रे' आला नव्हता. वाऱ्याने डोके फिरले असेल, असे म्हणून तो उतरला.

४

ती खोली विहिरीपासून चाळीस पावलांवर होती. बॅरोनेसच्या आज्या-पणज्यांची. सिरोक्को सुटला की ते पायऱ्या उतरून इथे येऊन बसत, पाण्यात पाय सोडत आणि वरचे शहर तापत असताना लिंबाचे सरबत पीत. पायऱ्या कधीच्या बुजल्या होत्या. तीन भिंतींना लागून दगडी बाक होता आणि मधून पाणी वाहत होते. ते खोलीतून पुढे जात होते. चांगले खळखळून जात होते.

झाले तर मग, नोफ्रियो मनात म्हणाला. पण तो लगेच फिरला नाही. त्याला ही भिंत आवडायची.

अक्षर येत नसले तरी भिंत त्याला वाचता येत होती. तळाशी आखूड, दाट घाव होते, सगळ्यात आधी आलेल्यांचे. त्यांची भाषा कोणती होती हे पाद्रीबाबांनाही माहीत नव्हते. त्यावर लांब तिरके घाव, अरबांचे. त्यांच्याइतका सरळ उतार पुढे कोणाला साधला नाही. त्यांचा बोगदा नॉर्मन राजाने घेतला आणि छताला कमान दिली. कमानीला स्पेनच्या साहेबांनी चुना फासला आणि बाकावर निळ्या फरश्या बसवल्या. वर मशिदीचे चर्च झाले, राजवाड्यावर राजवाडा चढला. प्रत्येक आलेल्याने आधीच्याचे पाणी घेतले, बोगदा दोन बोटे उंच केला आणि आपले चिन्ह कमानीवर कोरले. खाली उतरणाऱ्याचे नाव कोणी कोरले नाही. नोफ्रियो त्यांना हातावरून ओळखायचा. अरबांच्या घावांत एक पट्टा उलट्या बाजूला तिरका होता. तो माणूस डावरा असणार. पोरवयापासून नोफ्रियोला त्या डावऱ्याचे कौतुक होते. असा हात शंभरात एकाला असतो.

त्याने दिवा खाली नेला आणि फरश्यांवर ओल दिसली.

सगळीकडे नव्हती. हातभर ओल, मग कोरडे, मग ओल. ओल्या कपड्यांनी माणूस बसून उठला की उमटते तशी. त्याने मोजल्या. अकरा. ओलीच्या कडा अजून सुकत आल्या नव्हत्या. कोणी वडीलधारे आत आले की माणसे जशी उठतात, तशी ही माणसे आत्ता, तो येताना, उठली होती.

दोन ओलींच्या मध्ये एका माणसापुरती जागा कोरडी होती.

पाणी झिरपले, नोफ्रियोने स्वतःला सांगितले. छतातून. त्याने वर दिवा धरला. छत कोरडे होते.

तेवढ्यात लांबून मोम्मोची हाक आली. "आदिरी?"

नोफ्रियोने तोंड उघडले, पण उत्तर त्याच्या आधी गेले.

"हादिर," एकजण म्हणाला, अगदी जवळून.

"प्रेसेंते," दुसरा म्हणाला. हा शब्द नोफ्रियोला ठाऊक होता. फौजेत रोज सकाळी तो हेच ओरडायचा.

"अद्सुम." हाही त्याने ऐकला होता. त्याच्या चुलतभावाला पाद्री केले तेव्हा बिशपने नाव घेतल्यावर तो हाच शब्द म्हणाला होता.

पुढचे शब्द त्याने कधीच ऐकले नव्हते. एक, मग एक, थांबून, आपापल्या पाळीने. घाई नाही, ओरड नाही. शेवटचा आवाज इतका जुना होता की तो शब्द आहे की पाणी, हे सांगता आले नसते. पण अर्थ कळायला भाषा लागत नव्हती.

मग सगळे थांबले. त्याची पाळी होती.

आणि तेव्हा नोफ्रियोच्या लक्षात आले की वर मोम्मोही थांबला आहे. तो ओरडला नव्हता, दचकला नव्हता. एवढी उत्तरे ऐकूनही तो, सवय असल्यासारखा, शेवटच्या उत्तराची वाट पाहत होता.

"आदिरी," नोफ्रियो म्हणाला. शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा त्याचा आवाज निघाला.

५

वरून लगेच आवाज आला.

"ओनोफ्रियो झार्कोने, गाइबू."

चुकला, नोफ्रियोला पहिल्यांदा वाटले. वारा, उन्हं, वय. माणूस खाली असताना हे कोणी म्हणत नाही. शिवी दिली असती, वरून दगड टाकला असता तरी त्याला अर्थ होता. याला अर्थच नव्हता.

"कुंपार!" तो रीत मोडून ओरडला. "मी खाली आहे! अजून खालीच आहे!"

"ओनोफ्रियो झार्कोने, गाइबू."

तो पाण्यातून धावला. चाळीस पावलांत दोनदा पडला. विहिरीच्या तळाशी पोचला तेव्हा दोराचे टोक त्याच्या डोक्यावरून वर चालले होते. हात वर केला. चार बोटांनी चुकले.

वरच्या उजेडाच्या गोलात मोम्मोचे डोके दिसत होते.

"मोम्मो! काय करताय?"

"दोन खिडक्या आहेत रे, नोफ्रि," मोम्मो म्हणाला. तो रडत होता. "दोन."

"दोर सोड. तुला सावेरियोची शपथ."

"त्याचं नाव घेऊ नकोस. त्याच्यासाठीच करतोय."

"मी त्याला बाप्तिस्म्याला धरलंय, मोम्मो! या हातांवर!"

"माहीत आहे."

"मग?"

मोम्मोने नाक पुसले. "तुला त्रास नाही व्हायचा. ते आहेत ना खाली. ते बघतात. माझा बाप सांगायचा, वरच्याला ऐकू येतं, खालच्याला नाही. वरच्याने सांगायचं नसतं. त्यानंपण एकदा..." तो थांबला. "तू ऐकलंस ना आता? मग झालं तर."

"सत्तेचाळीस वर्षं ऐकत होतास?"

मान बाजूला वळवून, डोळे मिटून, मोम्मो तिसऱ्यांदा म्हणाला, "ओनोफ्रियो झार्कोने, गाइबू."

झाकण सरकले. उजेडाची कोर झाली, मग रेघ, मग तीही गेली.

नोफ्रियो खोबणींत पाय देत वर चढला आणि खांद्याने झाकण रेटले. वर काहीतरी घरघरत होते. पोटात खडी घोळवणारे यंत्र. मग झाकणाच्या फटीतून त्याच्या मानेवर गार, दाट काहीतरी पडले. त्याने बोटाने चाखले. सिमेंट.

तो उतरला. आता त्याला कळले होते की ओल्या जागांवर कोण बसत असेल. प्रत्येक वेळी वर मालक बदलत होते, काहीतरी मोठे बांधायचे होते, आणि वर कोणीतरी घाईत होते. आणि प्रत्येक वेळी, झाकण्याआधी, खालच्याचे नाव पूर्ण घेतले गेले होते. रीतीप्रमाणे.

६

दिवा खोलीत पोचेपर्यंत टिकला. मग ज्योत निळी झाली, एवढीशी झाली, विझली.

तो काळोखात उभा राहिला. बाकावर बसायचे नाही, एवढे त्याने ठरवले.

पाणी पुढे जात होते. पुढे जाते म्हणजे कुठेतरी निघते. समुद्राच्या अंगाला भाजीचे मळे होते आणि तिथे अजून विहिरीवरून पाणी काढत. तो कधी त्या बाजूला गेला नव्हता. बापाने सांगितले होते, पुढे फाटे आहेत, एक ढासळलेला आहे. कोणता, ते बापालाही माहीत नव्हते.

एक हात भिंतीला लावून तो निघाला. अंधारातही बोटांना घाव लागत होते. लांब, तिरके. मग बोटे एकदम रिकामी झाली. फाटा. पाणी दोन्हीकडे जात होते.

चुकलो तर परत यायला अंगात जोर राहणार नाही, हे त्याला ठाऊक होते. तो उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हाक द्यावीशी वाटली आणि द्यायला नाव नव्हते.

उजवीकडून, हाताच्या अंतरावरून, हळू आवाजात कोणीतरी म्हणाले, "हादिर."

हजर आहे. इथे आहे.

त्याला भीती वाटली, पण वरून आलेल्या मोम्मोच्या आवाजाची वाटली होती तितकी नाही. तो उजवीकडे वळला.

पुढे छत खाली आले. आधी वाकून, मग रांगत, मग हनुवटीपर्यंत पाणी. एका जागी दोन दगडांमध्ये खांदा अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. पाणी ओठांना लागले. तेव्हा एका हाताने त्याचे मनगट धरले. थंड, खडबडीत, कामाचा हात. अंगठ्याच्या बाजूवरून नोफ्रियोला कळले की हात डावा आहे. त्या हाताने त्याला अर्धा वळवला, जसा अवघड दगड वळवतात तसा, आणि ओढला. तो सुटला.

तो ओरडला नाही. ओरडून कोणाला सांगणार होता?

मग बोगदा उंच झाला आणि तो उभ्याने चालू लागला. मागे पाण्यात पावले होती. पुष्कळ. तो थांबला की थांबत, निघाला की निघत. कोणी ढकलत नव्हते. संध्याकाळी काम सुटल्यावर माणसे एकामागून एक घरी जातात, तशी चाल होती. मध्येच कोणीतरी खोकले, आणि दुसऱ्या कोणीतरी, कुठल्या तरी भाषेत, काहीतरी म्हटले. ते थट्टेसारखे वाटले.

७

पुढे उजेड दिसला. विहिरीचा गोल, वर आकाश, आणि दोरावर हेलकावे घेणारी बादली.

"कोणी आहे का वर?" नोफ्रियो ओरडला.

बादली थांबली. एका बाईचे डोके दिसले.

"येशू मारिया! कोण तिथं?"

"नोफ्रियो मिस्त्री. आपण कोण?"

"मी नुन्झिया, मळेवाल्याची बायको. अहो मिस्त्री, तुम्ही तर बहिणीकडे त्रापानीला गेलात ना? आज पहाटेच मोम्मो सगळ्यांना सांगत होता, आता दोन महिने काही येत नाहीत म्हणून."

पहाटे. म्हणजे ती गाठ सोडून पुन्हा बांधत होता, त्याच्याही आधी. "सही करा, सावेरियोला मीच समजावेन" म्हणाला, त्याच्याही आधी. वर जायचे, त्याने ठरवले. वर जायचे आणि भर चौकात मोम्मोच्या तोंडावर थुंकायचे. त्यासाठी जगायचे.

"दोर सोडा," तो म्हणाला.

बाईने बादली सोडवून दोर खाली दिला, पण माणसाचे वजन पेलायला चार वेढे रहाटावरच राखले. तो पुरेना. टोक त्याच्या पसरलेल्या हाताच्या वर दीड हात लोंबत राहिले. खालच्या खोबणी झिजून गेल्या होत्या. त्याने उडी मारली. चौसष्ट वर्षांची उडी. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा पाय घसरून तो गुडघ्यावर आला.

मग त्याच्या बुटाखाली दोन तळवे आले.

विहिरीच्या कामात हे रोजचे आहे. एकजण बोटांत बोटे गुंफून हातांची पायरी करतो, दुसरा तिच्यावर पाय देतो. ते तळवे घट्ट होते. दुसऱ्या पायाखाली आणखी दोन आले. त्यांनी त्याला उचलला, सावकाश, तोल न जाऊ देता, जसे म्हाताऱ्याला उचलतात तसे. दोर हातात आला.

वर बाईने रहाटाला जोर दिला. तीन पुरुष उंची चढल्यावर त्याने मांड्यांच्या मधून खाली पाहिले. पाहायला नको होते.

उजेडाच्या गोलात ते उभे होते. चेहरे दिसले नाहीत, कारण सगळ्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला होता. ऊन सोसत नसलेल्या माणसांसारखा. तरी माना वर होत्या. सगळ्या वर.

तो कठड्यावर पोटावर पडला आणि मग मातीवर. माती तापलेली होती. सिरोक्को अजून वाहत होता. बाईने डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या तोंडावर फिरवला.

"काय हो हे! आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"खालचे. किती जण आहात? मघापासून पाणी डुचमळतंय. माणसांची कुजबुज ऐकली मी." तिने रहाटाला हात घातला होता. बाई धडधाकट होती. दोर वर-खाली करायला तिला काही वाटले नसते. "सांगा त्यांना, एकेकानं या म्हणावं. दोर एकच आहे."

खाली एकदम शांत झाले होते. पाणीही हलत नव्हते. ते ऐकत होते, हे नोफ्रियोला कळले. वरचा काय सांगतो, ते ऐकत होते.

त्याच्या मनगटावर डाव्या हाताची बोटे अजून उमटलेली होती. बुटांच्या तळव्यांना अजून त्या हातांचा दाब आठवत होता. एक शब्द पुरे होता. बाईने रहाटाला पुन्हा जोर दिला असता.

पण काय वर आले असते? या उन्हात, या मळ्यात, या बाईसमोर, काय वर आले असते?

"कोणी नाही," नोफ्रियो म्हणाला.

"नक्की? मी ऐकलं हो."

"सत्तेचाळीस वर्षं उतरतोय. मी सांगतोय ना. खाली कोणी नाही."

त्याच्या हातून सुटताच रहाट उलटा फिरला होता आणि दोर पुन्हा आत लोंबत होता. तो हलला. एकदाच, हळूच. कोणी टोकाला हात लावून पाहावे तसा.

नोफ्रियो गुडघ्यांवर उठला आणि दोन्ही हातांनी दोर धरला. हिसकावून घ्यावा लागेल असे त्याला वाटले होते, म्हणून त्याने पाय रोवले आणि सगळा जोर लावून ओढला. तो मागच्या मागे आपटला.

दोर रिकामा होता. त्यांनी तो आधीच सोडून दिला होता.